विश्लेषण : पाइप जुना, दाब नवा! जुन्या इमारतींत आधी काय बदलायचे?

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुण्यात हजारोंनी आहेत. अशा इमारतीतल्या एखाद्या घरात बाथरूमचे नूतनीकरण होते. नव्या टाइल्स, नवा शॉवर, एका झटक्यात उघडणारे चकचकीत नळ लागतात. आणि पाणी मात्र करंगळीएवढ्या धारेने येते. प्लंबर म्हणतो, ‘प्रेशर पंप बसवा’. पंप बसतो, दोन-तीन आठवडे घरातले खूश असतात. मग खालच्या मजल्यावरचे शेजारी दार वाजवतात. त्यांच्या छताला ओल आलेली असते.

दोष पंपाचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो. पाणी कमी येण्याची कारणे दोन-तीन वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. चुकीच्या कारणावर योग्य उपाय केला तरी भिंत फुटतेच.

नळातला दाब येतो कुठून?

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत महापालिकेचे पाणी थेट नळाला येत नाही. रस्त्याखालच्या जलवाहिनीवरील फेरूलपासून एक नळी मीटरपर्यंत येते, तिथून पाणी जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून ‘डाऊनटेक’ म्हणजे खाली उतरणाऱ्या उभ्या पाइपांतून घरोघरी जाते. याचा अर्थ, महापालिकेने रस्त्यावर कितीही दाबाने पाणी सोडले तरी स्वयंपाकघरातल्या नळाला त्याचा काही उपयोग नाही. तिथला दाब ठरतो तो फक्त गच्चीवरची टाकी नळापेक्षा किती उंच आहे यावर.

हिशेब सोपा आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. तळमजला अधिक चार मजल्यांच्या इमारतीत टाकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर वर असेल, तर तळमजल्यावरच्या नळाला १५ मीटर उंची, म्हणजे दीड बार मिळतो. घरगुती वापराला तो पुरेसा आहे. चौथ्या मजल्यावरचा शॉवर मात्र टाकीच्या जेमतेम अडीच मीटर खाली असतो. त्याला पाव बार मिळाला तरी खूप. पाइप सोन्याचा लावला तरी या आकड्यात फरक पडत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा की, तक्रार कोणत्या मजल्यावरची आहे? वरच्या मजल्यावर पाणी बारीक येणे हा उंचीचा हिशेब असू शकतो. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरही बारीक येत असेल, तर संशय पाइपावर.

पाइपाच्या आत काय होते?

त्या काळातले पाइप म्हणजे जीआय, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. पाइपावर पिवळा पट्टा असेल तर हलका, निळा असेल तर मध्यम आणि लाल असेल तर जाड, अशी त्यांची वर्गवारी आजही आयएस १२३९ या मानकानुसार चालते. जस्ताचा थर आहे तोवर लोखंड सुरक्षित असते. काही दशकांत तो झिजतो आणि मग आतून गंज धरू लागतो. हा गंज सपाट बसत नाही. त्याच्या गाठी होतात, त्या गाठींवर पाण्यातले क्षार बसतात आणि पाइपाचे तोंड धमनीसारखे आतून बुजत जाते. बाहेरून रंग मारलेला पाइप ठणठणीत दिसतो. कापून पाहिला तर पेन्सिल जाईल एवढेच भोक उरलेले असते.

इथे एक गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. आतला व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मे होत नाही. तेवढ्याच दाबाला ते जवळपास सहाव्या हिश्शावर येते. त्यामुळे वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही आणि मग एक-दोन वर्षांत ‘अचानक’ पाणी कमी झाले असे वाटते.

गंजाचा दुसरा परिणाम जोडांवर होतो. अर्ध्या इंची मध्यम पाइपाची भिंत २.६ मिलिमीटर जाड असते. पण सॉकेट किंवा एल्बो बसवण्यासाठी आटे पाडताना त्यातला मिलिमीटरभराहून जास्त भाग कापला जातो. म्हणजे सर्वांत पातळ जागा जोडाच्या तोंडाशीच. ४० वर्षांनी तिथे लोखंड उरलेले नसते, ताग-सफेदा आणि गंज मिळून जोड धरून ठेवतात. जुने प्लंबर अशा पाइपाला पाना लावायला का कचरतात, ते यावरून कळेल. एक जोड सोडवला की हादऱ्याने पुढचा गळू लागतो.

सकाळच्या पहिल्या तांब्यात लालसर पाणी येणे, नळाच्या जाळीत तपकिरी कण साचणे, गार पाण्यापेक्षा गरम पाण्याची धार बारीक असणे, जोडांभोवती पांढरट-पिवळा थर दिसणे ही याची लक्षणे. पांढऱ्या कपड्यांवर पडणारे डागही त्यातलेच, पण त्यांचे खापर बहुधा साबणावर फुटते.

दाब कमी की वाट अरुंद, हे कसे ओळखायचे?

यासाठी भिंत फोडावी लागत नाही. आधी नळाच्या तोंडची जाळी आणि शॉवरची चाळणी काढून साफ करावी. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, असे कोणताही प्रामाणिक प्लंबर सांगेल. मग गच्चीवर जाऊन पाहावे. आपल्या डाऊनटेकचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का? टाकीच्या बाहेर पाइपाला जोडलेली, वर जाऊन छत्रीच्या मुठीसारखी वळलेली हवेची नळी शाबूत आहे का? ही नळी निकामी समजून कापून बूच मारण्याचे प्रकार सर्रास होतात. त्यानंतर पाइपात हवा अडकते आणि पाणी फुर्रफुर्र करत येते.

हे सगळे ठीक असेल तर काहीशे रुपयांना मिळणारा दाबमापक आणावा. वॉशिंग मशीनच्या नळाला तो लावून घरातले सर्व नळ बंद ठेवून आकडा पाहावा. नंतर दुसरा एक नळ पूर्ण उघडून पुन्हा पाहावा. दुसऱ्या मजल्यावर नळ बंद असताना काटा ०.९-१ बार दाखवतो आणि नळ उघडताच शून्याकडे धावतो, तर दाब आहे पण वाट अरुंद आहे. पाइप बदलण्याला पर्याय नाही. नळ बंद असतानाच काटा पाव बारवर असेल आणि घर वरच्या मजल्यावर असेल, तर प्रश्न उंचीचा आहे. मापक नसेल तर दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरते. ढोबळमानाने, खालच्या मजल्यावर ती भरायला दोन-अडीच मिनिटे लागत असतील तर पाइपाची पाळी आली म्हणावी. हीच चाचणी आपल्या वरच्या आणि खालच्या घरातही करावी. तिन्ही घरांत सारखेच रडगाणे असेल तर दोष सामाईक डाऊनटेकमध्ये, एकाच घरात असेल तर त्या घराच्या आतल्या पाइपात.

मग पंप आधी का नको?

अरुंद झालेल्या पाइपावर पंप लावला की पाणी वाढते, हे खरे आहे. पण ते वाढते दाब दुप्पट-तिप्पट करून. घरगुती प्रेशर पंप दीड ते तीन बारपर्यंत दाब देतात. ज्या चौथ्या मजल्याच्या पाइपाने चाळीस वर्षे पाव बारच सोसला, त्याला एका दिवसात दहापट दाब सोसावा लागतो. गंजाच्या पापुद्र्याने बुजलेली बारीक छिद्रे तिथे मोकळी होतात. पाइप भिंतीच्या आत असेल तर गळती दिसायला महिना लागतो. तोवर पाणी स्लॅबच्या सळयांपर्यंत पोहोचलेले असते, आणि जुन्या इमारतीला सळई गंजण्याइतका महाग आजार दुसरा नाही.

सोसायटीच्या पातळीवर हीच चूक मोठ्या प्रमाणात होते. गच्चीवरची टाकी बाजूला ठेवून खालूनच दाबाने पाणी देणारी हायड्रो-न्यूमॅटिक यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत येतो. यंत्रणा चांगली आहे. पण जुन्या जीआय पाइपांवर ती जोडणे म्हणजे कोणत्या घरात आधी पाणी गळेल याची वाट पाहणे.

महापालिकेच्या वाहिनीला थेट मोटार लावून पाणी खेचणे हा वेगळाच विषय. ते बेकायदा आहे आणि मोटारी जप्तही होतात. पण दंडापेक्षा मोठा धोका आरोग्याचा आहे. मोटार ओढते तेव्हा नळीत दाबाऐवजी शोषण तयार होते आणि गटाराशेजारून जाणाऱ्या गंजलेल्या नळीच्या छिद्रांतून बाहेरचे पाणी आत येते. मोटार नसली तरी ठरावीक तासच पाणी येणाऱ्या शहरांत, पुरवठा बंद असताना रिकाम्या नळीत हेच होऊ शकते. म्हणूनच पैसे मर्यादित असतील तर माझ्या मते पहिला खर्च बाथरूमवर नव्हे, फेरूलपासून टाकीपर्यंतच्या जमिनीतल्या नळीवर व्हावा. ती कोणाला दिसत नाही म्हणून तिचा नंबर नेहमी शेवटचा लागतो. नागपुरात चोवीस तास पाण्याच्या प्रकल्पात जुन्या लोखंडी घरजोडण्या काढून एमडीपीईच्या लवचीक नळ्या टाकण्यात आल्या, त्यामागे हाही विचार होता. हे काम परवानाधारक प्लंबरमार्फत, महापालिकेच्या परवानगीनेच करावे लागते.

वरच्या मजल्याला खरोखरच उंची कमी पडत असेल तर मार्ग आहेत. त्या घरासाठी टाकीपासून स्वतंत्र, मोठ्या व्यासाचा पाइप टाकता येतो. कमी दाबावर चालणारा शॉवर घेता येतो. टाकी उंच करण्याचा मोह अनेकांना होतो, पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय चौथरा वाढवू नये. पंपच हवा असेल तर तो या स्वतंत्र पाइपावर, नवे पाइप टाकल्यानंतर आणि सोसायटीच्या परवानगीने. सामाईक डाऊनटेकवर पंप लावला तर तो खालच्यांच्या वाट्याचे पाणी ओढतो, आणि मग भांडण पाण्याचे न राहता माणसांचे होते.

नवा पाइप कोणता आणि किती इंची?

घराच्या आत आता बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसी वापरतात. तो गंजत नाही, आतून गुळगुळीत राहतो आणि गरम पाणीही सोसतो. त्याचे मानक आयएस १५७७८. साधा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याला, त्याचे मानक आयएस ४९८५. गिझरनंतर तो चुकूनही नको. उष्णतेने जोडला जाणारा पीपीआर हा तिसरा पर्याय (आयएस १५८०१), पण त्याला जोडयंत्र आणि ते हाताळणारा सरावाचा माणूस लागतो. पाइपावर छापलेला मानक क्रमांक आणि आयएसआय चिन्ह स्वतः वाचून घ्यावे.

खरी फसगत मापात होते. ‘अर्धा इंची होता, अर्धा इंचीच टाकला’ असे प्लंबर सांगतो आणि आपण मान डोलावतो. पण अर्धा इंची मध्यम जीआय पाइप नवा असताना आतून सुमारे १६ मिलिमीटर रुंद असतो. अर्धा इंची सीपीव्हीसीचे बाहेरचे माप १५.९ मिलिमीटर, आणि नेहमीच्या एसडीआर ११ प्रकारात आतली वाट साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वाटेचे क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. पीपीआरचेही तसेच. त्याचे २० मिलिमीटर हे बाहेरचे माप आहे, आतली वाट १३-१४ मिलिमीटर भरते. गंजलेल्या पाइपाच्या तुलनेत नवा पाइप चांगलेच पाणी देतो म्हणून हे लक्षात येत नाही. पण जिथे दाबच पाव-अर्धा बार आहे तिथे हा फरक मोठा. कमी दाबाच्या घरात मुख्य फांदी पाऊण इंची ठेवावी आणि नळाजवळच्या शेवटच्या तुकड्यातच अर्ध्या इंचीवर यावे. एल्बो जितके कमी तितके बरे.

जुन्या लोखंडाला नवा प्लास्टिक पाइप जोडताना पितळी आट्यांचे जोड वापरावेत, आणि प्लास्टिकच्या आट्यांवर ताग-सफेदा नव्हे तर टेफ्लॉन टेप. डब्याच्या तोंडाशी पाइप घुसवून सिमेंट लावणारे आणि पाच मिनिटांत पाणी सोडणारे बरेच असतात. सीपीव्हीसीचे सॉल्व्हेंट सिमेंट पक्के व्हायला उत्पादकाने डब्यावर दिलेला वेळ द्यावाच लागतो. बाहेरच्या भिंतीवर उन्हात जाणाऱ्या पाइपाला पाण्यात मिसळणारा रंग द्यावा, तैलरंग देऊ नये.

भिंतीत की भिंतीवर? जुन्या इमारतीत माझे मत भिंतीवर किंवा डक्टमध्ये, असेच आहे. चार इंची भिंतीत खाचा पाडून ती अर्धी करण्यात शहाणपण नाही. आणि कॉलम-बीमला छिन्नी लावायला तर कोणालाच परवानगी नाही. पाइप दिसतो म्हणून वाईट वाटते, पण गळला तर त्याच दिवशी कळतो.

पाइपाचा विजेशी काय संबंध?

हा भाग बहुतेकांच्या यादीतच नसतो. अनेक जुन्या घरांत गिझरची किंवा संपूर्ण घराची अर्थिंगची तार लोखंडी पाण्याच्या पाइपाला बांधलेली असते. तसे करणे तेव्हाही योग्य नव्हते, पण धातूचा पाइप जमिनीपर्यंत जात असल्याने काम भागत होते. मध्ये सीपीव्हीसीचा एक तुकडा आला की ही वाट तुटते. गिझरमध्ये बिघाड झाला तर वीज जमिनीत न जाता पाण्यात, नळात आणि ओल्या अंगात येऊ शकते. त्यामुळे पाइप तोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, ते स्वतंत्र नसेल तर करून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. प्लंबरला हे विचारून उपयोग नाही, त्याचा तो विषय नाही.

दाब जास्त असेल तर?

चार मजली इमारतीत हा प्रश्न येत नाही. पण पंधरा-वीस मजल्यांच्या जुन्या इमारतींत गच्चीपासून तळापर्यंत एकच डाऊनटेक असेल, तर खालच्या मजल्यांना ५ बारच्या पुढे दाब बसतो. फ्लशची टाकी सतत झिरपते, नळांचे वायसर टिकत नाहीत, लवचीक जोडनळ्या फुटतात. १ ते ३ बार दाब घराला भरपूर झाला.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कॉक अर्धा बंद करून ठेवणे. त्याने दाब कमी होत नाही. नळ चालू असताना धार कमी होते एवढेच. रात्री सगळे नळ बंद झाले की अर्ध्या बंद कॉकच्या अलीकडे आणि पलीकडे दाब सारखाच होतो, आणि पाइप फुटतात ते बहुधा तेव्हाच. दाब खरोखर कमी करायचा तर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही लागतो. त्यात एक स्प्रिंग आणि एक पडदा असतो. पुढच्या बाजूचा दाब ठरवलेल्या आकड्यावर पोहोचला की पडदा उचलला जाऊन वाट बंद होते, त्यामुळे नळ बंद असतानाही दाब मर्यादेत राहतो. त्याच्या आधी गाळणी, दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह आणि पुढे दाबमापक हवा. मापकाशिवाय बसवलेला पीआरव्ही बिघडला तरी कोणाला कळत नाही.

गिझरच्या बाबतीत एक सावधगिरी. गार पाण्याच्या मार्गावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा पीआरव्ही आला की तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायला जागा उरत नाही. मग गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो. ते त्याचे कामच आहे. फरशी ओली होते म्हणून त्याचे तोंड बंद करणे हे कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवण्यासारखे आहे. थेंबांना नळी जोडून मोरीत सोडावी.

नळ बंद करताच भिंतीत ‘धाड’ असा आवाज येतो, तोही दाबाचाच प्रकार. जुने चक्राचे नळ चार-पाच फेऱ्यांत हळूहळू बंद होत. नवे नळ पाव फेरीत बंद होतात. सेकंदाला १ मीटर वेगाने धावणारे पाणी लोखंडी पाइपात एकदम थांबले, तर क्षणभर १२-१३ बारपर्यंतचा धक्का बसू शकतो. जुन्या पाइपांवर नवे नळ लावताना हे कोणी सांगत नाही. नळ हळू बंद करणे, पाइपाला जागोजागी पक्के क्लॅम्प मारणे आणि वेग मर्यादेत राहील इतका रुंद पाइप घेणे, हे उपाय.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या जलवाहिन्या, पंप आणि टाक्या यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. सदनिकेच्या आतले पाइप सदस्याने बदलायचे. पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार पाहून वाटली जाते, हे नवे नळ वाढवताना ध्यानात ठेवावे. पागडीच्या आणि उपकरप्राप्त इमारतींत हे इतके सरळ नाही. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या या इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते, पण पाइपांचे काम मालक-भाडेकरूंच्या ओढाताणीत लोंबकळते. तिथे भाडेकरूंनी वर्गणी काढून डाऊनटेक बदलणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

सोसायटीत काम काढायचे तर एका वेळी एक डाऊनटेक घ्यावा. नवा पाइप जुन्याच्या शेजारून आधी पूर्ण उभा करावा, मगच घरे एकेक करून त्यावर घ्यावीत. पाणी दिवसभर बंद ठेवावे लागत नाही. काम पूर्ण झाल्यावर नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने चाचणी घेण्याची अट कंत्राटात लिहून घ्यावी आणि ती चाचणी प्लास्टर व टाइल्सच्या आधी व्हावी. प्रत्येक घराच्या तोंडाशी स्वतंत्र बंद-व्हॉल्व्ह असावा, म्हणजे एका घरातल्या गळतीसाठी पाच घरांचे पाणी तोडावे लागणार नाही. आणि भिंत बुजवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कोणी खिळा ठोकायला घेतला की ते फोटो कामाला येतात.